आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात आणि माकडं बागेत

काजूवाला:
काल दुसऱ्या एका धाग्यावर 'शहरी सुज्ञ' यांनी लिहिलं, "निवडणुकीपुरती परवान्याची बंदूक जमा केली तर आभाळ कोसळत नाही. ज्याच्या पोटात दुखतं, त्याच्यावरच आधी नजर ठेवायला हवी." उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण रात्रभर डोक्यात तेच. म्हणून नवा धागा.

२०२४ घ्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, ६ जूनला उठली. तळकोकणात हे दिवस कशाचे? आंबा-काजूचे. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं आणि डुकरं एका रात्रीत कुणगाच्या कुणगा, म्हणजे भाताचा अख्खा वाफा, लोळवून जातात. बाकी वर्षभर माळ्यावर पडून असणारी वस्तू नेमकी लागते तेव्हा ठाण्यात.

आणि बंदूक तरी कसली, ठासणीची एकनळी. नळीत दारू ओता, चिंधी घाला, गजाने ठासा, केप बसवा, मग एक बार. दुसरा काढायचा तर पुन्हा पहिल्यापासून. ही घेऊन मी मतदान केंद्र ताब्यात घेणार का? शेतीरक्षणासाठी हीच बंदूक द्यावी, असं शस्त्र कायद्याचं कलम १३ सांगतं. मी मागून घेतलेली मेहेरबानी नाही ती.

जमा करतानाचा थाटही बघा. दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधायची, पावती घ्यायची, आणि आपली बंदूक इतरांच्या ढिगावर आडवी. परत आणली तेव्हा नळीला तांब चढलेली, घोडा अडकलेला.

बरं, निवडणूक आयोग सरसकट जमा करा असं म्हणतच नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवायचं. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तेच बजावलं, अलाहाबादने २०२४ मध्ये पुन्हा. गावात मात्र निरोप एकच: उद्या अकरापर्यंत आणून टाका.

शहरी सुज्ञ:
माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. टीआरपी मिळो.

परवाना असला की माणूस सज्जन, हे कुणी सांगितलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाला गोळ्या घातल्या. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं. बीड जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने वाटले होते. तिथे कुठल्या बागेत माकडं शिरत होती? सरपंचाच्या खुनानंतर आरडाओरड झाली, तेव्हा कुठे परवाने रद्द व्हायला लागले. पोलिसांनी तुमच्या कपाळावर 'काजूवाला' लिहिलंय का बघत बसायचं? सगळ्यांची जमा करा, सगळ्यांना परत द्या. सोपं आहे.

काजूवाला:
'सोपं आहे' यातच सगळं आलं. सोपं कुणाला? बीडमध्ये खिरापत वाटली ती कलेक्टर कचेरीने, आणि दंड भरायचा मी! गुन्ह्यांत सापडतात ते बहुतेक विनापरवाना कट्टे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) तक्ते काढून बघा. कट्टेवाला आचारसंहिता लागली म्हणून पावती घ्यायला येतो का?

माडाखालचो:
तुमची बंदूक रवांदे बाजूक. आधी माकडांचा काय ता बोला. माझ्या बागेत एवढे माड, तरी सोलकढीक नारळ इकत हाडूचो लागता. कवळो नारळ फोडतत, पाणी पितत, नी करवंटी माझ्याच खळ्यात टाकतत. पंचनाम्याक इलेलो म्हणता, माकडानंच खाल्ल्यान ह्येका पुरावो काय? आता माकडाची सही खंयसून हाडू?

रानवाट:
@माडाखालचो, 😂 पण मुद्दा खरा. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीत गंमत बघा. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड अनुसूचीतून काढलं आणि आपल्याकडचं टोपीवालं माकड पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत बसवलं. म्हणजे काजूवाल्यांची बंदूक घरात असली तरी माकडावर झाडता येणार नाही. मग रडणं कशाचं?

काजूवाला:
झाडतो कोण? नुसता दारूचा बार काढला तरी टोळी तासभर फिरकत नाही. पूर्ण वाचत चला.

माडाखालचो:
तासभर!! मगे तासान काय करतास? हिमाचलात नसबंदीची केंद्रां काढल्यानी, आमच्याकडे कोण काढतलो? ह्येच्यार बोला.

न्यूजर्सीकर:
तुम्ही लोक नशीबवान आहात. आमच्याकडे रायफल किंवा शॉटगन घ्यायची तर आधी ओळखपत्र. पिस्तुलाला दर वेळी वेगळा परमिट, आणि महिन्याला एकाहून जास्त नाही. इथला परवाना नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये चालत नाही, बॅगेत पिस्तूल राहिलं तर थेट हातकड्या. नियम पाळणाराच भरडला जातो.

शहरी सुज्ञ:
न्यूजर्सीत काजू पिकतो का हो?

न्यूजर्सीकर:
टोमणे मारायचे असतील तर बोलण्यात अर्थ नाही. रामराम.

सह्यकडा:
गंमत बाजूला ठेवतो, राग आला तरी चालेल. माझा आतेभाऊ शेतीरक्षणाच्याच बंदुकीने गेला. गोळी झाडणारा वाडीतलाच, बंदूक त्याच्या काकाच्या नावावर. डोक्याला बॅटरी बांधून पाच जण रानात गेले, झुडूप हललं, डुक्कर समजून बार काढला. छर्रे मानेत. नंतर सगळ्या वाडीचं एकच पालुपद, राखणीला गेले होते. कसली राखण? मटणाला गेले होते. आत्याने त्या घरासमोरची वाट आजतागायत सोडलेली आहे.

या धाग्यावरच्या बागायतदारांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुमच्या बंदुकीने कधी डुक्कर पडलं नाही?

काजूवाला:
वाईट झालं. पण दुसऱ्याच्या हातात बंदूक देणं आधीच गुन्हा आहे. तो काका आत गेला का? नाही ना? आहे तो कायदा लावायचा नाही आणि नवा जाच माझ्यावर. डुकरासाठी वनखात्याची रीतसर परवानगी मिळते, मी अर्ज केलेला आहे.

सह्यकडा:
प्रश्न डुक्कर पडलं का, असा होता.

काजूवाला:
वैयक्तिक होऊ नका.

शहरी सुज्ञ:
उत्तर मिळालं. 😀

थोरली पाती:
माझं दुखणं वेगळंच. वडील सत्तरी ओलांडून वारले. २०१६ च्या नियमांप्रमाणे सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं जवळ असली, की हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. हे कचेरीत कुणी सांगितलं नाही. आता बाकी वारसांची ना हरकत आणा म्हणतात, आणि धाकटे भाऊजी म्हणतात आधी पडवीचा हिस्सा लिहून द्या. बंदूक तोवर जमा. तिकडे कर्नाटकातल्या कोडगूत तिथल्या कोडवा समाजाला परवानाच लागत नाही, २०१९ मध्ये ती सूट २०२९ पर्यंत वाढवली. आम्ही कोकणी म्हणजे बिनबोभाट रांगेत उभे राहणारे.

रानवाट:
ताई, पडवीसाठी वेगळा धागा काढा, तिथे पब्लिक जास्त येईल.

शहरी सुज्ञ:
काजूवाले, ठासणीची एकनळी आणि पिस्तूल एका मापाने मोजू नये, एवढं मान्य. उगाच नाचू नका. मग समितीकडे अर्ज का केला नाहीत? की इथे बोंबलणं स्वस्त पडतं?

काजूवाला:
केला होता. पोच मिळाली, उत्तर नाही. या खेपेला सातबारा, गेल्या हंगामाचे पंचनामे आणि उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडून आचारसंहितेच्या आधीच देणार आहे. मसुदा इथे टाकतो, चुका काढा. तेवढं तुम्हाला छान जमतं.

शहरी सुज्ञ:
टाका. आणि त्यात 'राखण' लिहाल तिथे सह्यकडांना आधी वाचायला द्या.

माडाखालचो:
त्याच अर्जात नसबंदीचाय घाला मां. कागद एकच जातलो.