जास्वंदीचं पान निळं झालंच नाही, पण 53 वह्यांत झालंय

कळव्याच्या बाई

नमस्कार मंडळी. कळव्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, सकाळचं सत्र. समोर 54 जर्नलांचा ढीग आहे. लाल पेन उघडून अर्धा तास झाला, अजून एकावरही सही केलेली नाही.

प्रयोग तुम्हा सगळ्यांना पाठ असलेलाच. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो. उजेडात पानात स्टार्च (पिष्टमय पदार्थ) तयार होतो, आणि स्टार्च असेल तिथे आयोडीनने निळा-काळा रंग येतो. मुलांनी खालच्या वर्गात वाचलाय, केलेला कुणी नाही, म्हणून मी नववीला मुद्दाम घेते. कुंडीतली जास्वंद शनिवारी शाळा सुटताना प्रयोगशाळेतल्या कपाटात बंद केली. (प्रयोगशाळा म्हणजे मोडक्या बाकांमधून वाट काढत आत जायचं, शेवटी एक सिंक लागतं, ती.) सोमवारी सकाळी बाहेर काढली, एका पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावून वर यू-पिना ठोकल्या आणि कुंडी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. दिवसभर पाऊस. मंगळवारी पहिल्या तासाला, 7:20ला, पान तोडलं. आधी उकळतं पाणी, मग स्पिरिट, मग धुऊन आयोडीन. सगळा वर्ग टेबलावर वाकलेला. पान चहाच्या चोथ्यासारखं झालं. पट्टीखाली तेच, पट्टीबाहेरही तेच. मी म्हटलं, थांबा, जरा वेळ लागतो. घंटा झाली तरी आम्ही थांबलेलोच.

आता जर्नलं आलीत. 53 वह्यांत लिहिलंय, "पट्टीखालील भाग वगळता उर्वरित पान निळे-काळे झाले." माझ्या वर्गातलं एकही पोर आपणहून "उर्वरित" लिहिणार नाही, तेव्हा गेल्या वर्षीची कुणाची तरी वही फिरलेली आहे. आणि एका वहीत आहे, "पान चहासारखे तपकिरी झाले. बाई म्हणाल्या थांबा. आम्ही थांबलो." अनुमानाची जागा कोरी.

तर एक, चुकलं कुठे? आणि दोन, सही कुठल्या वहीवर करू?

निवृत्त लॅब असिस्टंट, ऐरोली

बाई, आधी सांगा, आयोडीन तपासलं होतं का? आमच्याकडे एक बाटली खिडकीत उन्हात पडून पार फिकी झाली होती. दोन वर्षं सगळ्यांचे प्रयोग फसत होते आणि सगळे पानाला दोष देत होते. वर्गात जाण्याआधी डब्यातल्या पोळीच्या तुकड्यावर एक थेंब टाकायचा. पोळी काळी पडली नाही तर पानाच्या वाटेला जायचंच नाही.

दुसरं, स्पिरिट. ते 78 अंशांना उकळतं. त्यामुळे चंचुपात्रात पाणी उकळायचं, दिवा विझवायचा, आणि मग त्या गरम पाण्यात स्पिरिट आणि पान घातलेली परीक्षानळी उभी करायची. जाळावर थेट नळी धरणाऱ्या एका सरांच्या भुवया गेलेल्या मी पाहिल्यात. पुढे महिनाभर पोरं त्यांच्या तासाला खाली माना घालून हसायची.

कळव्याच्या बाई

पोळी नव्हती, पोहे होते. एका मुलीच्या डब्यातले. चांगले काळेकुट्ट झाले. म्हणजे आयोडीन बरं आहे. दिवाही विझवला होता. पानातला हिरवा रंगही बऱ्यापैकी निघाला होता.

वाशीचा क्लासवाला

मॅडम, राग मानू नका. पुढच्या वर्षी हीच पोरं दहावीला. प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात. समोर बसलेल्या परीक्षकाला "चहासारखे" चालणार आहे का? माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो, काय व्हायला हवं ते आधी नीट पाठ करा, मग काय झालं ते बघा. 53 जणांनी निदान बरोबर उत्तर तरी लिहिलंय. त्या एकाला बोलावून अनुमान पूर्ण करून घ्या आणि सगळ्यांना सह्या देऊन मोकळ्या व्हा. जुलैत किती वेळ घालवणार एका पानावर?

कळव्याच्या बाई

सर, राग नाही. पण "काय झालं" या रकान्यात त्यांनी न झालेली गोष्ट लिहिलीय. आणि मी त्याखाली सही करायची, "तपासले" म्हणून! मी काय तपासलं?

बॉटनीवाली, घोडबंदर रोड

बाई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. 7:20.

पान दिवसा जो स्टार्च साठवतं तो रात्रभर मोडून वापरतं. साखर करून झाडाच्या इतर भागांकडे पाठवतं, श्वसनातही खर्च करतं. पहाटेपर्यंत पानात फारसं काही उरत नाही. तुम्ही कपाटात ठेवून कुंडीचा स्टार्च संपवलात, मग एकच दिवस उजेड दिलात, तोही पावसाळी, आणि वर परत एक रात्र जाऊ दिलीत. सकाळी पान रिकामंच असणार. 1860च्या दशकात युलियुस झाक्सने हेच दाखवलं होतं, की उजेडात पानात स्टार्च दिसतो आणि अंधारात ठेवलं की नाहीसा होतो. तुमचा प्रयोग फसलेला नाही, तुम्ही त्याचा दुसरा अर्धा भाग केलात. सकाळच्या सत्रातल्या किती शाळांत हा प्रयोग असाच "होतो" आणि वहीत निळा होतो, देव जाणे.

उपाय सोपा आहे. पान दुपारी तीन-साडेतीनला तोडा. लगेच मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. पान मरतं, आतली विकरं (एन्झाइम, स्टार्च मोडणारी) थांबतात, म्हणजे स्टार्च आहे तिथेच राहतो. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत थंड स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत हरितद्रव्य आपोआप उतरतं. वर्गात दिवा पेटवायची गरजच नाही. पान कडक झालेलं असेल, गरम पाण्यात क्षणभर बुडवून मऊ करा आणि मग आयोडीन. पट्टीवाली कुंडी मात्र चांगलं ऊन पडेपर्यंत थांबवा.

निवृत्त लॅब असिस्टंट, ऐरोली

बरणी अगदी बरोबर. फक्त वर चिठ्ठी चिकटवा. स्पिरिट पाण्यासारखंच दिसतं आणि शाळेत तहानलेलं कुणी ना कुणी असतंच.

दिवाळीनंतर मुलांना खाडीकडे आणता आलं तर आणा. कोरड्या दिवसांत तिवराच्या (खाडीकाठच्या खारफुटीतल्या झाडाच्या) पानावर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. पानातल्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, त्याचंच ते. उत्सर्जन शिकवायला याहून सोपं काही नाही. पावसाळ्यात मात्र नका येऊ, सगळं धुऊन गेलेलं असतं. आणि फांदी तोडायची नाही, खारफुटीला संरक्षण आहे. झाडावरच बघायचं.

वाशीचा क्लासवाला

7:20चं मलाही सुचलं नव्हतं, खरं सांगतो. क्लास संध्याकाळी असल्यामुळे माझं पान नेहमी निळं झालं. मी समजायचो माझा हात चांगला आहे.

कळव्याच्या बाई

कळवायला उशीर झाला. पाऊस काही थांबेना. गेल्या गुरुवारी एकदाचं दुपारी चक्क ऊन पडलं. शाळेमागच्या सोसायटीच्या जास्वंदीची दोन पानं मागून आणली (वॉचमनकाकांनी "औषधाला का?" विचारलं, मी हो म्हटलं). उकळत्या पाण्यातून काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत स्पिरिटमध्ये ठेवली. बरणी तीनदा घासून धुतली तरी उघडल्यावर मोहरीचा वास आलाच. शुक्रवारी सकाळी शाळेत शिरताना त्याच झाडाचं आणखी एक पान तोडलं आणि तेवढं जुन्या पद्धतीने गरम स्पिरिटमध्ये रंग काढून घेतलं. पट्टीबिट्टी काही नाही. दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत कालचं दुपारचं पान, दुसरीत आजचं सकाळचं. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. दोन्ही सारखीच, भिजलेल्या पापडासारखी पांढरट.

त्या एका वहीवाल्याच्या हातात ड्रॉपर दिला. पहिल्या बशीत थेंब पडला आणि शिरांच्या कडेने पान काळं व्हायला लागलं, मग मधली जागा भरत गेली, शाई सांडावी तसं. दुसरं पान? चहा.

जर्नलांचं असं केलं. 53 वह्या सही न करता परत दिल्या आणि फक्त निरीक्षण खोडून पुन्हा लिहायला सांगितलं, तेही शेजाऱ्याशी न बोलता. "बाई, खाडाखोड चालेल?" हा प्रश्न मला निदान वीस वेळा आला. त्या एका वहीवर मंगळवारच्या तारखेचीच सही केली. अनुमान कोरंच होतं, त्याचा अर्धा गुण कापला. सरांनाही समाधान.

तास संपताना तो पोरगा बशी धुवायला घेऊन गेला आणि सिंकपाशीच उभा राहिला. म्हणाला, "बाई, काल दुपारी होतं आणि सकाळी नाही. रात्री झाड काय जागं असतं?"

पुढचा धडा श्वसनाचा घेतेय. रात्री खोलीत बंद बरणीत मोड आलेले मूग ठेवायचा प्रयोग कुणी जमवून केला असेल तर सांगा. चुन्याची निवळी माझ्याकडे आहे, बूच मात्र एकही नीट बसत नाही.