शब्दचर्चा : संताचा ‘फीस्ट’ म्हणजे जयंती, पुण्यतिथी की सण?

पऱ्हाटी : अमरावती धर्मप्रांतातल्या एका खेड्याच्या चर्चची पत्रिका छापायला जायची आहे. मजकूर असा : “संत अँथनी यांची जयंती, दि. १३ जून. सकाळी ९ वा. पूजा व नंतर महाप्रसाद. नोव्हेना ५ ते १३ जून.” ‘जयंती’ खटकते, पण तिथे नेमका कोणता शब्द बसतो? बाकी मजकुरातही, नोव्हेनाच्या म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या तारखांतही, चुका असतील तर सांगा.

वर्धाकाठ : जयंती चूकच. अँथनी लिस्बनला जन्मले, साधारण ११९५ साली. १३ जून हा त्यांच्या मृत्यूचा दिवस, साल १२३१, पादुआजवळ. चूक कुठून आली तेही सांगतो. लॅटिनमध्ये संताच्या मृत्युदिनाला ‘दिएस नातालिस’ म्हणतात, म्हणजे जन्मदिवस. इथला नव्हे, स्वर्गातला. कुणीतरी त्यातला ‘जन्म’ तेवढा उचलला आणि पत्रिकेत जयंती आली. रोमन पंचांगात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सणांच्या यादीत, पृथ्वीवरचा जन्म तिघांचाच साजरा होतो : येशूचा २५ डिसेंबरला, मरियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला. योहानाला दुसरा दिवसही आहे, २९ ऑगस्ट, शिरच्छेदाचा. जयंती हा शब्द वापरायचाच तर या तिघांपुरता ठेवा.

मोहफूल : मंग पुण्यतिथी लिहा ना जी. शेगावले गजानन महाराजांचा प्रकटदिन वेगळा अन् ऋषिपंचमीचा समाधीदिन वेगळा. लोकांले लगेच समजते.

वर्धाकाठ : समजते खरं, पण दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे यात तिथी नाही, तारीख आहे. मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला होते, इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. अँथनींची १३ जून हलत नाही. हलतात ते ईस्टरला बांधलेले दिवस.

दुसरी अडचण मोठी. संताचा दिवस मृत्यूच्याच तारखेला असतो असं नाही. नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते फ्रान्सिस दि सेल्स २८ डिसेंबर १६२२ ला ल्योंमध्ये वारले. पण २८ डिसेंबर हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. म्हणून यांना २४ जानेवारी मिळाली, त्यांचा देह आनसीला पुरला तो दिवस. त्याआधी, रोमन पंचांगाच्या १९६९ च्या फेररचनेपर्यंत, २९ जानेवारी होती. आता २४ जानेवारीला ‘पुण्यतिथी’ छापलं की ते सरळ चूक ठरतं.

असे कितीतरी सापडतील. लिस्यूची तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ ला गेली, पण ती तारीख संत जेरोमची, म्हणून तिचा १ ऑक्टोबर. आविलाची तेरेजा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री गेली आणि तिचा सण १५ ऑक्टोबरला, कारण त्या रात्रीनंतर स्पेनमध्ये एकदम १५ तारीख उजाडली. ग्रेगरीच्या पंचांगाने मधले दहा दिवस गाळले होते. वसईचे गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे सोबती नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर मारले गेले. ५ ला संत अगाथाचा दिवस, म्हणून यांचा ६ फेब्रुवारी.

तुरीची शेंग : मग ‘फेस्त’ का नको? वसईचे लोक सर्रास म्हणतात. पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आलेला छान रुळलेला शब्द आहे.

पऱ्हाटी : तिकडे रुळला, इकडे नाही. विदर्भात पोर्तुगीज नव्हतेच. इथे काम केलं ते आनसीहून आलेल्या फ्रान्सिस दि सेल्सच्या संघाच्या फादरांनी, त्यामुळे बोलण्यात ‘फीस्ट’ आहे, लिहिताना ‘सण’. वऱ्हाडातल्या पत्रिकेवर ‘फेस्त’ छापलं तर निम्मी माणसं विचारतील की हे काय.

वर्धाकाठ : ‘सण’ घ्या. “संत अँथनी यांचा सण”. जन्म-मृत्यूचा वादच मिटला, आणि पोळा, दिवाळी, नाताळ म्हणणाऱ्याला तो शब्द शिकवावा लागत नाही.

बल्लारशाकर : सणाला हरकत नाही, पण ‘स्मरण’ही विसरू नका. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हे जिल्हे सिरो-मलबार या केरळातल्या कॅथलिक पंथाच्या चांदा धर्मप्रांतात येतात. तिकडे ३ जुलैला येशूचा शिष्य थोमा याचा ‘दुक्राना’ असतो. सुरियानी शब्द आहे, अर्थ स्मरण. रोमन पंचांगात थोमा १९६९ पर्यंत २१ डिसेंबरला होता, मग तोही ३ जुलैला आला. जुनी मिस्सावही (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तिचं पुस्तक) पाहून पत्रिका करणारे अजून डिसेंबर लिहितात. आणि मराठीत ‘थोमाची दुखराणा’ असं छापलेलं दिसतं, त्यातून लोक ‘दुःख’ काढतात. दुःखाशी संबंध नाही. ‘दुक्राना’ लिहा आणि पुढे ‘स्मरणदिन’ जोडा.

वर्धाकाठ : इथे एक अट. रोमन पंचांगात ‘स्मरणदिन’ ही वेगळी पायरी आहे. वरून खाली चार पायऱ्या : महासण, सण, स्मरणदिन, ऐच्छिक स्मरणदिन. अँथनींचा १३ जून सगळ्या चर्चमध्ये स्मरणदिन, पण ज्या चर्चला त्यांचं नाव आहे तिथे महासण. त्यामुळे तुमच्या पत्रिकेत ‘सण’ लिहा किंवा ‘महासण’, ‘स्मरणदिन’ मात्र नको.

ही पायरी कशाला, तर रविवारी कळतं. २०२७ मध्ये १३ जून रविवारी येतो. शेजारच्या चर्चमध्ये त्या दिवशी रविवारचीच मिस्सा होईल, अँथनींचा दिवस त्या वर्षी गळेल. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये मात्र अँथनींची मिस्सा चालेल, कारण साधारण काळातल्या, म्हणजे नाताळ-ईस्टरच्या काळांबाहेरच्या, रविवारपेक्षा महासण वरचा.

आगमनकाळ (नाताळआधीचा) आणि उपवासकाळ (ईस्टरआधीचा) यांतले रविवार मात्र कुणालाच जागा देत नाहीत. २०२३ मध्ये ३ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता, त्यामुळे फ्रान्सिस झेवियरच्या नावाच्या चर्चचा महासण सोमवारी ४ तारखेला. त्याच वर्षी १९ मार्चला रविवार, म्हणून योसेफाचा सण २० ला. २०२४ मध्ये २५ मार्च, मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा दिवस, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आला आणि थेट ८ एप्रिलला गेला. मंडपवाल्याला आगाऊ देण्याआधी त्या वर्षाचं धर्मप्रांताचं पंचांग उघडून बघा. पत्रिका गेल्या वर्षीचीच उचलून नुसतं साल बदललं की हमखास इथेच फसतात.

पऱ्हाटी : आणि नोव्हेना ५ ते १३?

वर्धाकाठ : एक दिवस सरकलाय. लॅटिन ‘नोवेम’ म्हणजे नऊ. नऊ दिवस सणाच्या *आधी* संपतात, सण दहावा. नवरात्राचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा : नऊ दिवस घट, दसरा वेगळा. म्हणून १३ जूनसाठी ४ ते १२ जून. १९ मार्चसाठी १० ते १८, ३ डिसेंबरसाठी २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. सण पुढे ढकलला तर नोव्हेनाही तितकीच पुढे. २०२३ मध्ये ४ डिसेंबर धरून ती २५ नोव्हेंबरपासून. ताळा करायचा तर सणाच्या तारखेतून नऊ वजा करा, तो पहिला दिवस.

अँथनींचे ‘तेरा मंगळवार’ ही वेगळी भक्ती, तिला नोव्हेना म्हणू नका. मंगळवार का, तर दफन मंगळवारी १७ जूनला झालं. मृत्यू शुक्रवारचा.

मोहफूल : जूनात नऊ दिवस कोन येईन जी? पेरणीची घाई असते. पाऊस पडला का सारे वावरात.

पऱ्हाटी : वेळ रात्री साडेसातची ठेवली की येतात. शेतकऱ्यांचा संत हवा असेल तर इसिदोर आहे, १५ मे ला. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा सालदारच म्हणा. झेवियर, इग्नेशियस, आविलाची तेरेजा, फिलिप नेरी यांच्यासोबत एकाच दिवशी, १२ मार्च १६२२ ला संत घोषित झाला. ‘शेतकरी इसिदोर’ लिहायचं, नुसतं इसिदोर लिहिलं तर सेव्हिलचा विद्वान बिशप समजतील. त्याचा ४ एप्रिल.

तुरीची शेंग : ‘पूजा’ आणि ‘महाप्रसाद’ या शब्दांचं काय?

वर्धाकाठ : दोन्ही काढा. कॅथलिक शिकवणीत आराधना फक्त देवाची. संताचा सन्मान होतो, त्याला मध्यस्थी मागतात. लितानीत, म्हणजे संतांची नावं घेत म्हणायच्या प्रार्थनेत, संताच्या नावापुढे “आम्हांसाठी विनंती कर” येतं, “आम्हांला दे” येत नाही. अख्खा फरक त्या क्रियापदात आहे. पत्रिकेत “पवित्र मिस्सा” पुरे.

महाप्रसादाची अडचण व्यवहारातली. मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर वाटतात ते फक्त तयारी असलेल्या कॅथलिकांना. पत्रिकेत ‘प्रसाद’ वाचून आलेला गावातला पाहुणा त्याच रांगेत उभा राहतो आणि हात पुढे करतो. मग फादरांनाही अवघड आणि त्यालाही अपमान. ‘मिस्सेनंतर मंडपात स्नेहभोजन’ लिहा. जागाही लिहा, म्हणजे रांग कुठे लावायची ते कळतं.

मोहफूल : भंडारा म्हटलं तं?

वर्धाकाठ : बोलताना म्हणा. पत्रिकेवर नको, पुन्हा तीच गल्लत.

बल्लारशाकर : शब्दांचंच चाललंय तर ‘हुतात्मा’ आणि ‘रक्तसाक्षी’ यांत काय घ्यायचं? गोन्सालो गार्सियांच्या फलकावर दोन्ही पाहिलेत.

तुरीची शेंग : मूळ ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे साक्षीदार. अरबी ‘शहीद’चाही तोच अर्थ. ‘रक्तसाक्षी’त तो अर्थ राहतो. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. त्यात यज्ञ आहे, साक्ष नाही. शिवाय मराठी कानाला हुतात्मा म्हटलं की संयुक्त महाराष्ट्र आठवतो. मी ‘रक्तसाक्षी’ घेईन.

पऱ्हाटी : मी ‘हुतात्मा’ घेईन. फलक रस्त्यावर लागतो, तिथे ‘रक्तसाक्षी’ वाचून कुणी थांबणार नाही. प्रवचनात रक्तसाक्षी ठेवा.

वर्धाकाठ : शब्द कोणताही घ्या, कापड मात्र लाल. रक्तसाक्ष्यांच्या सणाला फादरांचा झगा लाल, बाकी संतांना पांढरा. वेदीजवळची फुलं-पताका त्याला धरून लावली की शोभते. प्रेषितांनाही, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांनाही, लाल, अपवाद योहान, २७ डिसेंबर, पांढरा. पौलाच्या परिवर्तनाचा २५ जानेवारीही पांढरा. त्याच पौलाचा पेत्रासोबतचा २९ जून लाल. सजावटवाल्याला नुसतं “पौलाचा सण” सांगितलं तर तो चुकणारच, तारीख सांगा.

तुरीची शेंग : ‘संत’ आणि लॅटिन ‘सांक्तुस’ एकाच मुळातले ना?

वर्धाकाठ : नाही. कानाला जवळचे आहेत एवढंच. आपला ‘संत’ संस्कृत ‘सत्’वरून, ‘सन्तः’ या अनेकवचनातून आला, मूळ धातू ‘अस्’, असणे. ‘सांक्तुस’ हा ‘सांकिरे’वरून, म्हणजे पवित्र ठरवून देणे. तुकोबांना संत म्हणायला कुणाच्या घोषणेची गरज पडली नाही. कॅथलिक अर्थाने ‘संत’ लिहायला पोपची घोषणा लागते. त्याच्या अलीकडे ‘धन्य’ ही पायरी. मध्य प्रदेशात २५ फेब्रुवारी १९९५ ला मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया २०१७ पासून ‘धन्य’ आहेत, त्यांना ‘संत राणी मारिया’ छापू नका. मदर तेरेसा २००३ मध्ये धन्य, ४ सप्टेंबर २०१६ ला संत, सण ५ सप्टेंबर. जुन्या तसबिरीखाली अजून ‘धन्य’ दिसतं, ते बदलायला हवं.

पऱ्हाटी : झालेला मजकूर असा :

“संत अँथनी यांचा सण. रविवार, दि. १३ जून २०२७. नोव्हेना : ४ ते १२ जून, रोज रात्री ७.३०. सणाची पवित्र मिस्सा : सकाळी ९. मिस्सेनंतर मंडपात स्नेहभोजन.”

बल्लारशाकर : ‘अँथनी’ की ‘अंतोन’? बायबलमधल्यांना पेत्र, पौल, योहान, थोमा लिहितो, मग यांना इंग्रजी वळण का?

पऱ्हाटी : चर्चच्या पाटीवर ‘अँथनी’ आहे. पाटी बदलेल तेव्हा बघू.

मोहफूल : ७.३० च्या पुढं ‘वा.’ राह्यलं जी.