शब्द स्पष्ट असताना न्यायालय कायद्याचा हेतू का शोधते?

प्रश्न – विधिजिज्ञासू
इंग्लंडमधील न्यायालये कायद्याचा अर्थ लावताना शाब्दिक नियम (शब्दांचा सरळ अर्थ घेणे), सुवर्ण नियम (तो अर्थ असंगत ठरला तर त्यात फेरफार करणे) आणि मिस्चीफ रूल (कायद्याला कोणता दोष दूर करायचा होता ते पाहणे) वापरतात, असे आम्हाला शिकवले जाते. १९६० च्या स्मिथ विरुद्ध ह्यूजेस खटल्यात वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रिया घराच्या सज्जातून आणि खिडकीतून रस्त्यावरील पुरुषांना बोलावत होत्या. असे बोलावण्यास बंदी करणाऱ्या कायद्यात ‘रस्त्यावर’ असे शब्द असूनही त्या दोषी ठरल्या. त्याच वर्षी निकाल लागलेल्या फिशर विरुद्ध बेल खटल्यात मात्र कळ दाबताच पाते उघडणारा चाकू किमतीच्या चिठ्ठीसह दुकानाच्या काचेमागे मांडणारा दुकानदार निर्दोष सुटला. दोन्ही वेळी मुख्य न्यायाधीश लॉर्ड पार्करच होते. मग निकाल आधी ठरतो आणि नियम मागाहून शोधला जातो, असे समजावे का?

उत्तर – जुनी नजीर
तसा संशय येणे स्वाभाविक आहे, पण ते पूर्ण खरे नाही. फिशर खटल्यातील कायद्यात अशा चाकूच्या ‘विक्रीचा प्रस्ताव’ करणे हा गुन्हा होता. हा शब्दप्रयोग करारविषयक कायद्यात आधीच पक्क्या अर्थाने रुळलेला होता, आणि काचेमागे वस्तू मांडणे म्हणजे प्रस्ताव नव्हे, तर ग्राहकाने प्रस्ताव करावा यासाठीचे निमंत्रण, हे ठरून गेलेले होते. शिवाय, इतर कायद्यांत संसदेने ‘विक्रीसाठी मांडणे’ असे शब्द स्वतंत्रपणे घातलेले असताना या कायद्यात ते नव्हते. न्यायालयाने ते आपल्या पदरचे घातले असते, तर तो अर्थ लावणे न राहता कायदा करणे झाले असते. संसदेने १९६१ मध्ये दुरुस्ती करून ती फट बुजवलीही. ह्यूजेसच्या खटल्यात मात्र बोलावणारी व्यक्ती स्वतः रस्त्यावर उभी असली पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. बोलावणे रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचत होते, आणि शब्द तेवढा ताण सहन करू शकत होते.

उत्तर – अर्थशोधक
‘शब्द किती ताण सहन करतात’ हे ठरवतो कोण? १९६४ च्या ॲडलर विरुद्ध जॉर्ज खटल्यात प्रतिबंधित ठिकाणाच्या ‘परिसरात’ (म्हणजे आसपास) सैनिकाला अडवणे हा गुन्हा होता आणि आरोपी त्या ठिकाणाच्या आतच होता. त्याच लॉर्ड पार्करांनी ‘आत किंवा परिसरात’ असे वाचून त्याला दोषी ठरवले. तेथे शब्द ताणले नाहीत, सरळ भर घातली. फौजदारी कायद्याचा अर्थ आरोपीच्या बाजूने काटेकोर लावावा, हे तत्त्व सांगून फिशरचा निकाल समजावता येतो. पण उरलेले दोन्ही खटलेही फौजदारीच होते. माझ्या मते खरा निकष हा आहे की, शाब्दिक अर्थाने कायदा हास्यास्पद होतो की केवळ अपुरा राहतो. बाहेर अडवणारा दोषी आणि आत अडवणारा निर्दोष, हा पहिला प्रकार. फिशर हा दुसरा. अपुरेपणा भरून काढणे हे संसदेचे काम.

उत्तर – तळटीप
हेतूचा शोध ही आधुनिक लहर नव्हे. १५८४ च्या हेडन खटल्यात न्यायाधीशांनी हेच विचारायला सांगितले होते: आधी कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) काय होता, त्यात कोणते व्यंग होते, संसदेने कोणता उपाय योजला, आणि तो कशासाठी. बदलले ते पुराव्याचे साधन. संसदेतील भाषणे अर्थ लावण्यासाठी वाचायची नाहीत, असा दीर्घकाळ दंडक होता. पेपर विरुद्ध हार्ट या करविषयक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) तो १९९२ मध्ये शिथिल केला, पण तरतूद संदिग्ध, दुर्बोध किंवा शब्दशः घेतल्यास असंगत ठरणारी हवी आणि मंत्र्याचे वा विधेयक मांडणाऱ्याचे विधान स्पष्ट हवे, या अटींवर. त्यामुळे ह्यूजेससारखा खटला आज उभा राहिला, तरी भाषणांकडे वळण्याआधी ‘रस्त्यावर’ हा शब्द संदिग्ध आहे हे वकिलाला दाखवावे लागेल.

विधिजिज्ञासू
अपुरा आणि हास्यास्पद हा भेद पटला. मात्र १८६८ च्या व्हाइटली विरुद्ध चॅपेल खटल्यात मृत मतदाराच्या नावाने मत देणारा सुटला, कारण कायद्यात ‘मताचा हक्क असलेल्या’ व्यक्तीचे सोंग घेणे हा गुन्हा होता आणि मृताला मताचा हक्कच नसतो. त्या निकालाला मी हास्यास्पदच म्हणेन.