वस्ती सल्लागार मंडळं: रहिवाशांचा आवाज की नुसतं ऐकल्यासारखं करणं?

धागाकर्ता: महापालिकेला सल्ला देणारी भागाभागातली मंडळं असावीत, पण त्यांना दात हवेत. वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या दशकापासून अशी मंडळं आहेत. साधारण २,००० रहिवाशांमागे एक सदस्य, २ वर्षांसाठी निवडून आलेला आणि बिनपगारी. दारूचा परवाना असो वा बांधकामातली सवलत, मंडळाला आधी कळवावं लागतं. मंडळाने लेखी हरकत घेतली की खात्याला प्रत्येक मुद्द्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं, पटलं नसेल तर कारणासकट. निर्णय खात्याचाच, पण ‘विचार करू’ म्हणून वाटेला लावता येत नाही.

स्पष्टवक्ता: उत्तराचा कागद घेऊन करायचं काय? न्यूयॉर्कला अशी ५९ मंडळं आहेत, एकेकात ५० पर्यंत सदस्य. तेही निवडून येत नाहीत, बरोचे (शहराच्या मोठ्या विभागांचे) अध्यक्ष नेमतात. जमिनीचा वापर बदलायचा प्रस्ताव आला की ६० दिवसांत मत कळवायचं, आणि ते मत वरच्यांवर बंधनकारक नाही. लोकांचा राग निवळायला बरी सोय!

धागाकर्ता: नेमणूक मलाही खटकते. पण कारण लेखी द्यायचं म्हटलं की अधिकाऱ्याला फाईल निदान उघडून वाचावी लागते. पुढे कोर्टात जायचं झालं तर तोच कागद हाताशी असतो.

तिसरी घंटा: दोघेही एक विसरताय. सभेला येतं कोण? बोस्टन परिसरातल्या बांधकामविषयक सभांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली. बोलणाऱ्यांत घरमालक आणि वयस्कर मंडळींचा भरणा, आणि नव्या घरांना विरोधच जास्त. रात्रपाळीवाला, तान्हं बाळ असलेली बाई, भाडेकरू यांच्या नावाने बोलणारे हे कोण? अशांच्या हाती बंधनकारक मत दिलंत तर बेघरांचा निवारा कुठल्याच गल्लीत उभा राहणार नाही.

स्पष्टवक्ता: म्हणजे दात दिले तर चावणार, नाही दिले तर बोळकं. मग मंडळ हवंच कशाला?

धागाकर्ता: म्हणून तर म्हणतोय, नकाराधिकार नको, उत्तराचं बंधन हवं. सभांच्या वेळा बदला, भाडेकरूंसाठी जागा राखून ठेवा.

तिसरी घंटा: राखा की. पण वर्षभरात घरमालकाने घर रिकामं करायला लावलं, तर तो सदस्य राहणार कुठल्या भागाचा?