स्टीफन करीला डेव्हिडसनची तीन वर्षं मिळाली नसती तर?

शार्लटकर

अमेरिकेत शार्लट शहरातल्या आमच्या घरापासून वीसेक मैलांवर, आय-७७ महामार्गाने उत्तरेला गेलं की डेव्हिडसन नावाचं गाव लागतं. गावात त्याच नावाचं कॉलेज, विद्यार्थी दोन हजारांच्या आत. २००६ च्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका मित्राने ओढून नेलं म्हणून मी तिथे पहिल्यांदा बास्केटबॉलचा सामना पाहिला. पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, चार वेळा विजेता ठरलेला स्टीफन करी तेव्हा पहिल्या वर्षाला होता. इतका किडकिडीत, की जर्सी खांद्यावरून घसरते की काय असं वाटावं.

धागा काढायचं कारण असं. गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात वाद झाला. एक मित्र म्हणाला, आता कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळतात, मनाला येईल तेव्हा कॉलेज बदलता येतं, हे फार बरं झालं. मी म्हटलं, पैसे मिळतात हे बरंच, पण ही व्यवस्था तेव्हा असती तर करी आज आहे तसा घडला नसता. जेवण निवेपर्यंत बोललो, तरी माझं म्हणणं पुरं झालं नाही. म्हणून इथे मांडतो.

शार्लट ख्रिश्चन शाळेत तो उत्तम खेळायचा, पण उंची जेमतेम सहा फूट आणि अंगात वजन नाही. वडील डेल करी एनबीएत १६ हंगाम खेळलेले. आई-वडील दोघंही व्हर्जिनिया टेकचे खेळाडू, वडिलांची जर्सी त्या कॉलेजने सन्मानाने निवृत्त केलेली (तो नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही). त्या कॉलेजनेसुद्धा मुलाला स्कॉलरशिप देऊ केली नाही. स्कॉलरशिपशिवाय ये, संघासोबत सराव कर, पुढचं पुढे, इतकंच. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅककिलप मात्र त्याला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होते. त्यांच्या मुलाबरोबर तो बेसबॉल खेळायचा.

कॉलेजमधला पहिलाच सामना ईस्टर्न मिशिगनशी झाला. करीने १३ वेळा चेंडू गमावला. एका सामन्यात १३ टर्नओव्हर! एवढ्यावर बेंचवर बसवलेली आणि पुन्हा कधी न उठलेली मुलं मी पाहिली आहेत. मॅककिलप यांनी त्याला पुढच्याच सामन्यात पुन्हा उतरवलं, आणि त्याने मिशिगनविरुद्ध ३२ गुण केले.

२००८ च्या मार्चमधली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा सगळ्यांना माहीत आहे. गोन्झागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध १७ गुणांची पिछाडी भरून काढताना ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. डेट्रॉइटच्या सामन्यांसाठी कॉलेजच्या विश्वस्तांनी सामना बघायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची बस, तिकीट आणि राहणं आपल्या खर्चाने केलं. शेवटी कॅन्ससने ५९-५७ असं हरवलं. अखेरच्या सेकंदांत करीला दोघांनी घेरलं, चेंडू जेसन रिचर्ड्सकडे गेला, त्याचा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा फटका, लागला नाही. कॅन्सस पुढे विजेता झाला.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. मला त्याच्या पुढचं वर्ष महत्त्वाचं वाटतं. रिचर्ड्स पदवी घेऊन गेला आणि करीला पॉइंट गार्ड व्हावं लागलं. तोवर दुसऱ्याने आणून दिलेला चेंडू मारायचा, आता स्वतःच आणायचा आणि चौघांना खेळवायचं. त्या हंगामात लॉयोला कॉलेजच्या कोचने सामनाभर त्याच्यावर दोन माणसं लावली. करी काय करतो, तर कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, दोघांना तिथेच गुंतवतो आणि उरलेल्या चौघांना तिघांशी खेळू देतो. त्याचे गुण शून्य. डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकलं. वर्षअखेर सरासरी सामन्याला २८.६ गुण, देशात सर्वाधिक.

आज २००८ चा तो मार्च संपताच दुसऱ्या दिवशी पाच बडी कॉलेजं लाखो डॉलर घेऊन आली असती. तिथे त्याला फक्त थ्री मारायला ठेवलं असतं. पॉइंट गार्ड करी आपल्याला दिसला नसता.

वऱ्हाडी_डंक

असहमत, आणि मनापासून असहमत.

तुम्ही सांगितलेली गोष्ट सुंदर आहे, पण ती एनबीए खेळाडूच्या मुलाची आहे. घरात पैसा, अंगणात बास्केट, वडील स्वतः लीगमधल्या उत्तम शूटर्सपैकी. अशा मुलाला तीन वर्षं थांबणं परवडतं.

करी ज्या अॅक्रन शहरात जन्मला, तिथेच त्याच्या तीन वर्षं आधी लेब्रॉन जेम्स जन्मला. आई सोळा वर्षांची, वडील नाहीत, लहानपणी आज या घरात तर उद्या त्या घरात. २००३ मध्ये तो शाळेतून थेट एनबीएत गेला, पहिल्या क्रमांकावर. त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तू अजून तीन वर्षं फक्त शिक्षण आणि जेवणावर खेळ, म्हणजे घडशील?

२००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीपासून, नियम आला, वय १९ आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. म्हणून केव्हिन ड्युरंटला टेक्सासमध्ये एक वर्ष काढावं लागलं. एकच वर्ष, २५.८ ची सरासरी, आणि २००७ ला तो गेला. त्याचं काय अडलं? घडणारा घडतोच. डेव्हिडसनला श्रेय देण्यात तुमचं गावप्रेम बोलतंय, आणि ते मी समजू शकतो.

शार्लटकर

वऱ्हाडी, गावप्रेम आहेच, नाकारत नाही. पण लेब्रॉन आणि ड्युरंट ही उदाहरणं इथे लागू होत नाहीत. त्यांच्याकडे उंची आणि ताकद शाळेतच होती, साऱ्या देशाला दिसत होती. मी बोलतोय ते कुणालाच न दिसलेल्या मुलाबद्दल. आणि घडणारा घडतोच म्हणत असाल तर लेनी कूकचं नाव आठवा. शाळेत असताना लेब्रॉनच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं जायचं. २००२ ला थेट ड्राफ्टमध्ये उतरला, एकाही संघाने निवडला नाही, एनबीएत एकही सामना खेळला नाही.

मीनाक्षी_एडिसन

माझा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, बास्केटबॉल खेळतो. त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे. थोडं लांबेल.

बसचं वाचून मलाही भरून आलं. पण त्याच वर्षी टीव्हीवर त्या स्पर्धेसाठी काय चाललं होतं ते पाहा. सीबीएसने ११ वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ६ अब्ज डॉलर मोजले होते. करीचे ते चारही सामने त्याच करारात दाखवले गेले. त्यातला एक डॉलरही कोर्टवर घाम गाळणाऱ्या मुलांना घेता येत नव्हता. कोचला पगार, चॅनेलला जाहिराती, बुटांच्या कंपनीला नफा, आणि मुलाला स्वतःची सही विकायलाही बंदी. हा अन्याय होता, आणि मुलांना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळायला १ जुलै २०२१ उजाडावा लागला.

दुसरं, दुखापत. एनबीएत गेल्यावर करीचा घोटा इतका त्रास देत होता की २०११-१२ मध्ये तो ६६ पैकी २६ सामने खेळला. २०१२ मध्ये त्याने चार वर्षांचा ४.४ कोटी डॉलरचा करार केला, तो त्याच्या खेळाच्या मानाने स्वस्तात, कारण पाय टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. हाच घोटा डेव्हिडसनच्या तिसऱ्या वर्षात गेला असता तर? त्याच्या घरी डेल करी होते. आमच्यासारख्यांच्या घरी फक्त फिजिओथेरपीची बिलं येतात.

आई म्हणून सांगते, तिसऱ्या वर्षी थांबायला सांगणाऱ्याने त्या वर्षाची जोखीमही उचलावी.

चेंडूवाला_नागपूर

मी शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो, वीस वर्षं झाली. मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या वर्षाबद्दल भांडताय.

करी घडला तो कॉलेजच्या आधीच्या एका उन्हाळ्यात. शाळेत दुसऱ्या वर्षापर्यंत तो चेंडू कमरेजवळून उचलून मारायचा, कारण ताकद कमी. बुटक्यांसमोर चालून जायचं, पण उंच खेळाडू सहज अडवणार. डेलनी तो फटका मोडून पुन्हा बांधायला लावला, चेंडू कपाळाच्या वरून सुटला पाहिजे. कित्येक आठवडे मुलाला बास्केटच्या अगदी जवळूनच मारता येत होतं, लांबून जमेचना. तो उन्हाळा आपल्यासाठी फार वाईट गेला, असं त्याने स्वतः सांगितलंय.

शिकवणाऱ्याला यातली अडचण कळेल. लागणारा फटका मोडायचा म्हणजे मुलगा आधी वाईट खेळणार. माझ्याकडे एका मुलाचं कोपर बाहेर जायचं, मी ते सुधारायला घेतलं. दोन महिन्यांत तो आंतरशालेय स्पर्धेत काही लावू शकला नाही आणि पालकांनी त्याला दुसऱ्या शिबिरात घातलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. क्रीडा गुणांचं वर्ष होतं, त्यांनाही घाई होती. पण तो मुलगा अजूनही तसाच मारतो, आणि मला ते दर वेळी टोचतं.

वऱ्हाडी_डंक

सर, हे मान्य. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. फटका मोडून बांधायला घरात एनबीएचा शूटर होता.

तिसरा_क्वार्टर

भारतातलं उदाहरण कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. सतनाम सिंग भामरा. पंजाबातल्या बल्लो के गावचा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. कॉलेज न खेळताच २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला पहिला. त्या रात्री मी ऑफिसला दांडी मारायचं ठरवूनच जागलो होतो.

एनबीएच्या मुख्य हंगामात तो एकही सामना खेळू शकला नाही. शरीर तयार होतं, सामने पाठीशी नव्हते. डेव्हिडसनसारख्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा, चुका करत, तीन वर्षं खेळायला मिळालं असतं तर? शार्लटकरांशी सहमत.

वऱ्हाडी_डंक

सतनाम टिकला नाही त्याचं खापर कॉलेज न मिळण्यावर फोडू नका. चौदा वर्षांपर्यंत त्याच्या उंचीचा एकही प्रतिस्पर्धी समोर आला नाही, हे मूळ. ती उणीव कॉलेजच्या तीन वर्षांत भरली असती याला आधार काय?

आणि एक विसरताय. करीच्या घरातच याचं उत्तर आहे. धाकटा भाऊ सेथ. त्यालाही बड्या कॉलेजांनी विचारलं नाही, तो लिबर्टीला गेला, पहिल्याच वर्षी २० च्या वर सरासरी काढली आणि उठून ड्यूकला गेला. तेव्हाच्या नियमाने एक वर्ष बाहेर बसला, मग खेळला. २०१३ मध्ये ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही, तरी एनबीएत टिकला, लीगच्या सगळ्यात अचूक थ्री मारणाऱ्यांत गणला गेला. लहान कॉलेज सोडून मोठं धरल्याने त्याचं काय वाईट झालं?

शार्लटकर

सेथचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. तो बिनतोड आहे, पण माझ्या बाजूनेही वाचता येतो. ड्यूकमध्ये त्याच्याभोवती आधीच तारे होते. तो उत्तम शूटर झाला आणि शूटरच राहिला. स्टीफनला संघ चालवावा लागला, कारण डेव्हिडसनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. दोघांचे वडील एकच, अंगण एकच. मधली तीन वर्षं वेगळी.

मीनाक्षीताई, तुमच्या जोखमीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुलांना पैसे मिळायला हवे होते, तेव्हाच मिळायला हवे होते. माझा राग पैशावर नाही. पैसा फक्त मोठ्या दारातून आत येतो, त्यावर आहे. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर एक कॉलेज वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर थेट खेळाडूंना देऊ शकतं. डेव्हिडसनने हे कुठून आणायचे?

त्याच वर्षी मार्चमध्ये डेव्हिडसनने करीला आपल्या बास्केटबॉल संघांचा सहायक जनरल मॅनेजर नेमलं. एनबीएत खेळत असताना असं पद घेणारा तो पहिलाच. त्याच्या आणि दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने मिळून एक कोटी डॉलरहून मोठा निधी उभा केला. बातमी वाचून आनंद झाला, आणि पोटात कालवलंही. ज्या कॉलेजने त्याला काही न देता राखलं, त्याला आता पुढचा मुलगा राखायला करीचेच पैसे लागतात.

मीनाक्षी_एडिसन

"काही न देता" नाही, शार्लटकर. स्कॉलरशिप दिली. आणि १३ वर्षांनी, २०२२ मध्ये, तो राहिलेले विषय पुरे करून समाजशास्त्राची पदवी घेऊन आला तेव्हाच त्याचा ३० नंबर निवृत्त केला, कारण पदवीशिवाय तो मान द्यायचा नाही असा त्यांचा नियम. चार वेळचा विजेता, दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), तरी नियम मोडला नाही. त्या कॉलेजबद्दल मला आदर वाटतो तो इथे.

आमच्याकडे आता दोन पत्रं आहेत. एक लहान कॉलेज, पैसे जवळजवळ नाहीत. एक मोठं, पैसे बरे, पण त्याच जागेवर खेळणारे तिघं आधीच आहेत. मुलाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून काल रात्री हा सगळा धागा मी त्याला वाचून दाखवला. लॉयोलाचा कोपऱ्यात उभं राहण्याचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, पहिल्या सामन्यात माझ्याकडून १३ टर्नओव्हर झाले तर पुढच्या सामन्यात खेळवाल का, हे मी दोन्ही कोचना विचारतो.

फोन शनिवारी आहेत.