दुसऱ्या देशांत फौजा घालणं हा आजचा साम्राज्यवाद म्हणायचा का?

भिंगरी:
2025 च्या जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच वाद चालूये आणि तो काही संपत नाही. अर्ध्या लोकांचं म्हणणं, हा सरळसरळ साम्राज्यवाद आहे, फक्त ब्रिटिशांच्या जागी अमेरिका आली. उरलेले म्हणतात की अरे साम्राज्य म्हणजे गव्हर्नर लागतो, झेंडा लागतो, सारा वसूल करावा लागतो, बगदादमध्ये आज कुठला अमेरिकन व्हाइसरॉय बसलाय सांगा. मग पहिले लोक व्हिएतनाम, इराक, लिबिया असं सगळं एका दमात काढतात, दुसरे लगेच 1991 चं कुवेत आणि 1999 चं कोसोवो काढतात, आणि शेवटी कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकला की विषय तिथेच बंद.

मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचंय. कोण चांगलं कोण वाईट ते बाजूला ठेवू. एखाद्या कारवाईला साम्राज्यवाद म्हणायला निकष काय लावायचा? जमीन घेतली का, की तेल घेतलं, की सरकार बदललं?

तळटीप:
सरकार बदललं का हा निकष लावला तर दोनच केसेस नीट बघा, बाकी यादी वाचायची गरज नाही.

पहिली इराण. 1951 मध्ये पंतप्रधान मोसादेघने तेल राष्ट्रीयीकृत केलं, तोवर ते अँग्लो-इराणियन कंपनीकडे होतं, म्हणजे आजची बीपी. तेल इराणचं, पण इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा लंडनच्या सरकारला कंपनीकडून मिळणारा टॅक्स जास्त होता, यावरून कळेल लोक का चिडले असतील. ब्रिटिशांनी बहिष्कार घातला, तेल विकू दिलं नाही, आणि ऑगस्ट 1953 मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तचरांनी मिळून मोसादेघला घालवलं. सीआयएने हे 2013 मध्ये स्वतःच्या कागदपत्रांतून मान्य केलंय, त्यामुळे इथे कॉन्स्पिरसी थिअरी म्हणून कोणी उडवून लावू नये. 1954 मध्ये नवा करार झाला तेव्हा वाटणी काय झाली? बीपी 40 टक्के, अमेरिकन कंपन्या 40 टक्के, उरलेलं शेल आणि फ्रेंचांना. आधी अमेरिकन कंपन्यांचा वाटा शून्य होता.

दुसरी ग्वातेमाला, 1954. आर्बेन्झ सरकारने पडीक जमिनी ताब्यात घेऊन भूमिहीनांना द्यायचा कायदा केला आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीला भरपाई देऊ केली ती किती, तर कंपनीनेच टॅक्स वाचवायला जमिनीची जी किंमत कागदावर दाखवली होती तेवढीच. (हे मला फार आवडतं.) कंपनी बोंबलायला लागली. त्यावेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस, सीआयएचे प्रमुख त्यांचेच भाऊ अ‍ॅलन डलेस, आणि दोघेही ज्या लॉ फर्ममध्ये होते तिने युनायटेड फ्रूटचं काम केलेलं. सीआयएने आर्बेन्झला घालवलं, जमिनी परत कंपनीकडे आल्या, आणि पुढे तिथे 36 वर्षं यादवी चालली.

झेंडा नाही, गव्हर्नर नाही, मोठी फौजही नाही. पण कोणाचं सरकार टिकणार ते वॉशिंग्टनमध्ये ठरलं. याला अजून काय म्हणायचं?

रोखठोक:
तळटीप यांचे दोन्ही दाखले बरोबर आहेत पण दोन्ही सत्तर वर्षांपूर्वीचे आहेत, आणि लोक ते आजच्या प्रत्येक कारवाईला चिकटवतात तिथे माझा आक्षेप आहे.

इराक घ्या. 2003 चं युद्ध चुकीचं होतं, सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, अण्वस्त्रं रासायनिक अस्त्रं काही सापडलं नाही, सगळं मान्य. पण ते तेल लुटायला होतं म्हणता तर मग इराकी तेलक्षेत्रांचा 2009 चा लिलाव बघा ना. सगळ्यात मोठं रुमैला क्षेत्र कोणाला गेलं? बीपी आणि चीनच्या सीएनपीसीला, तेही बॅरलमागे फक्त 2 डॉलर फीवर. वेस्ट कुर्ना-2 रशियाच्या लुकऑइलकडे. अमेरिकेच्या एक्सॉनला वेस्ट कुर्ना-1 मिळालं हे खरं पण हजारो सैनिक मारून घेऊन, अब्जावधी डॉलर घालून जर तेल चीन आणि रशिया नेत असतील तर हे असलं साम्राज्य कोण चालवेल?

माझा निकष सोपा आहे. "निघा" म्हटल्यावर ते निघतात का? 1966 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं आणि अमेरिकन सैन्याला जायला सांगितलं, ते गेले. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने सुबिक बे इथल्या अमेरिकन नौदल तळाचा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला, एका मताने, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन नौदलाने गाशा गुंडाळला. 2024 मध्ये नायजरच्या लष्करी राजवटीने जा म्हटलं, अगादेझचा कोट्यवधी डॉलर घालून बांधलेला ड्रोन तळ सोडून गेले. आता याच्या शेजारी हंगेरी ठेवा. 1956 मध्ये हंगेरीचा पंतप्रधान इम्रे नॉजने सोव्हिएत गटाच्या वॉर्सा लष्करी करारातून बाहेर पडतो म्हटलं तर सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि दोन वर्षांनी त्याला फाशी दिली. हा फरक दिसत नसेल तर चर्चा कशाला.

जुनी बखर:
रोखठोक यांचा निकष चांगला आहे, पण जिथे "निघा" म्हटलं आणि ते निघाले नाहीत ती उदाहरणं त्यांनी सोयीने वगळलीत. क्युबा.

1898 मध्ये स्पेनशी लढून अमेरिकेने क्युबा "मुक्त" केला. मग 1901 मध्ये अट घातली की प्लॅट दुरुस्ती तुमच्या घटनेत घाला, म्हणजे अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेप करायचा हक्क, नाहीतर सैन्य हलणार नाही. सैन्य डोक्यावर बसलेलं असताना क्युबाने सही केली. 1903 मध्ये ग्वांतानामोचा उपसागर भाड्याने गेला आणि 1934 च्या करारात कलम असं की दोघांची संमती असेल किंवा अमेरिका स्वतः सोडून जाईल तेव्हाच भाडेपट्टा संपणार. भाडं वर्षाला 4,085 डॉलर. चेक दरवर्षी येतो. 1959 च्या क्रांतीनंतर गडबडीत एक चेक वटवला गेला, त्यानंतर क्युबाने एकही वटवलेला नाही, कॅस्ट्रो ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचे. साठ वर्षांहून जास्त काळ घरमालक खाली कर म्हणतोय आणि भाडेकरू कागद दाखवतोय.

आणि हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये, कारण तैनाती फौज म्हणजे काय हे आपण शाळेत पाठ केलंय. 1802 ला होळकरांनी हडपसरच्या लढाईत हरवल्यावर दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांकडे पळाला आणि 31 डिसेंबरला त्याने स्वतःच्या हाताने तह केला. जबरदस्तीने जिंकलं नव्हतं कोणी, तो स्वतः गेला होता. सहा हजारांची पलटण कायमची पदरी घ्यायची, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीला विचारल्याशिवाय करायचे नाहीत. गादी तशीच, झेंडा तसाच, शिक्के तसेच, फक्त पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, डोक्यावर बसला. यातून सुटायचा प्रयत्न त्याने 1817 ला केला, तेव्हा काय झालं ते सांगायला नको, 8 लाखांच्या पेन्शनवर बिठूरला.

म्हणून भिंगरी यांच्या मित्राने "व्हाइसरॉय दाखवा" म्हटलं की त्याला सांगा, व्हाइसरॉय यायच्या खूप आधी रेसिडेंट आला होता.

रोखठोक:
तैनाती फौजेचा दाखला ऐकायला भारी आहे पण लागू होत नाही. बाजीरावाने मुलूख दिला, दौलत खिळखिळी झाली. जर्मनी आणि जपानमध्ये 1945 पासून अमेरिकन फौजा आहेत आणि त्या छत्रीखाली ते देश जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत गेले. रेसिडेंट ठेवून असं कुठल्या संस्थानाचं झालं?

हिरवी शाई:
जपान म्हणताय तर ओकिनावाबद्दल बोला ना. जपानच्या एकूण जमिनीपैकी साधारण 0.6 टक्के एवढं ते बेट, आणि अमेरिकेच्या खास ताब्यातल्या तळांची सुमारे 70 टक्के जमीन तिथे. 1995 मध्ये तिथल्या बारा वर्षांच्या शाळकरी मुलीवर तीन अमेरिकन सैनिकांनी बलात्कार केला. जपानी पोलिसांनी आरोपी मागितले तर करारानुसार आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते अमेरिकन ताब्यातच राहिले. पुढे जपानी कोर्टातच खटला चालला आणि शिक्षा झाली, पण ओकिनावा तोपर्यंत रस्त्यावर आला होता. 1996 मध्ये वचन दिलं की फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत करू. अजून केलेला नाही. 2019 मध्ये सार्वमत घेतलं, मतदान करणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी फुतेन्माच्या बदल्यात हेनोकोला बांधायच्या नव्या तळासाठी समुद्रात भराव टाकायला विरोध केला, भराव चालूच राहिला.

आता गंमत अशी की भराव टोकियोचं सरकार टाकतंय, वॉशिंग्टन नाही. म्हणजे संमती आहे, पण ज्यांच्या डोक्यावरून विमानं जातात त्यांची नाही. "यजमान देश हो म्हणाला" म्हणताना त्या देशातला नेमका कोण हो म्हणाला हे कोणी विचारतच नाही. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर तर तेवढाही प्रश्न आला नाही, 1968 ते 73 मध्ये चागोस बेटांवरची सगळी माणसं ब्रिटिशांनी उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकली आणि मोकळ्या बेटावर अमेरिकेचा तळ झाला.

उंटावरचा शहाणा:
आणि रशिया चीनबद्दल कोणी बोलणार नाही वाटतं. नेहमीचंच.

तळटीप:
@उंटावरचा शहाणा, हंगेरी वर आलंय, वाचत जा. 2014 ला क्रिमिया आणि 2022 मध्ये युक्रेनचे आणखी चार प्रांत स्वतःच्या नकाशात घातले, त्याला साम्राज्यवाद म्हणायला निकष शोधायचीही गरज नाही, तो जुन्या पद्धतीचाच आहे. इथे प्रश्न जमीन न घेता चालणाऱ्या प्रकाराचा आहे. (आता 2025 पासून ट्रम्पच ग्रीनलंड पाहिजे म्हणतायत, पनामा कालवा परत घेऊ म्हणतायत, तेव्हा ते "जमीन न घेता"सुद्धा किती टिकतं कोण जाणे.)

भिंगरी:
सगळ्यांचे आभार, ग्रुपवर यातलं बरंच ढापणार आहे. पण मग लिबियाचं काय करायचं? 2011 ला सुरक्षा परिषदेचा 1973 नंबरचा ठराव होता, दहा देश बाजूने, विरोधात एकही नाही, भारत चीन रशिया जर्मनी ब्राझील तटस्थ. तिथे तळ केला नाही, जमीन घेतली नाही. तो साम्राज्यवाद का?

रोखठोक:
नाही. तो बेजबाबदारपणा. ठराव नागरिकांना वाचवण्यापुरता होता, तो ताणून गद्दाफी जाईपर्यंत बॉम्बिंग केलं आणि मग देश वाऱ्यावर सोडला. कोणी तिथे राज्य करायलाच बसलं नाही, उलट कोणीतरी बसायला हवं होतं असं म्हणायची वेळ आली. प्रत्येक वाईट गोष्टीला एकच नाव द्यायचं नसतं.

जुनी बखर:
लिबियाबद्दल रोखठोक यांच्याशी बऱ्यापैकी सहमत. पण माझा मूळ मुद्दा जमीन, तेल, तळ यातला एकही नाही. गुन्हा झाला तर खटला कोणाच्या कोर्टात, एवढाच आहे.

1964 मध्ये शहाच्या संसदेने अमेरिकन लष्करी सल्लागारांना, त्यांच्या कुटुंबांनाही, इराणी कोर्टापासून सूट दिली. यावर एका मौलवीने भाषण केलं की अमेरिकन माणसाच्या आचाऱ्याने भर बाजारात तुमचा मोठ्यातला मोठा धर्मगुरू मारला तरी इराणी पोलीस त्याला हात लावू शकणार नाहीत. त्या मौलवीला दहा दिवसांच्या आत देशाबाहेर घालवलं. नाव खोमेनी. 1979 ची इराणी क्रांती तिथून सुरू होते, फक्त धर्मातून नाही.

आता इराकला या. सत्ता इराकी सरकारकडे सोपवली 28 जून 2004 ला, आणि त्याच्या आदल्या दिवशी इराकचा अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमरने 17 नंबरचा आदेश सुधारून काढला, परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्यातून सूट. 2007 च्या सप्टेंबरमध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकन खासगी सुरक्षा कंपनीच्या गार्ड्सनी रहदारीत गोळीबार केला, 17 इराकी मेले, त्यात लहान मुलं होती. इराक स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या माणसांच्या खुनाचा खटला चालवू शकला नाही. खटला अमेरिकेत चालला, 2014 मध्ये चौघे दोषी ठरले, आणि डिसेंबर 2020 मध्ये ट्रम्पनी चौघांनाही माफी दिली. बरं, 2011 मध्ये कराराची मुदत संपताना ती वाढवून न घेता अमेरिकन सैन्य इराकमधून निघालं ते कशामुळे? इराकी पुढारी सैनिकांना ही सूट पुढे चालू ठेवायला तयार झाले नाहीत म्हणून. म्हणजे सूट नसेल तर राहायचंच नाही, इतकी ती महत्त्वाची.

देश पातळीवर पण तेच. 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या केसमध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, बंदरांत सुरुंग पेरले, काँट्रा बंडखोरांना शस्त्रं दिली, भरपाई द्या. अमेरिका खटल्यातून आधीच उठून गेली होती, निकाल मानला नाही आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. 2002 मध्ये तर कायदाच केला की हेगच्या फौजदारी न्यायालयाने अमेरिकन सैनिक धरला तर त्याला सोडवायला राष्ट्राध्यक्ष लागेल ते करू शकतात.

फ्रान्स, जर्मनीसारख्या बळकट देशांशी सैनिकांवर खटला कोणी चालवायचा याचे हेच करार बऱ्यापैकी बरोबरीचे होतात. कमजोरांशी होत नाहीत. रोखठोक यांची "निघा म्हटलं, निघाले" वाली यादी म्हणूनच मला अर्धी वाटते.

रोखठोक:
कोर्टाचा निकष लावला तर नकाराधिकार असलेले पाचही देश साम्राज्यवादी ठरतात, आणि मग तो शब्द इतका पसरतो की त्यात हंगेरी आणि फ्रान्स एकाच पोत्यात. शिवाय कोसोवोत जाऊन सांगा हे. 1999 ला 78 दिवस नाटोने बॉम्ब टाकले, सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, आणि तिथल्या अल्बेनियन लोकांनी प्रिश्तिनात क्लिंटनचा पुतळा उभा केलाय.

हिरवी शाई:
पुतळा आहे, कोसोवोत अमेरिकेचा बाँडस्टील तळही आहे. ज्यांचा जीव वाचला ते पुतळा उभारणारच, त्यात काही खोटं नाही. पण त्याच 78 दिवसांत बेलग्रेडला टीव्ही केंद्रावर क्षेपणास्त्र टाकून तिथले 16 कर्मचारी मारले, त्याबद्दल नाटोतल्या एकाही माणसावर कधी खटला चालला नाही. बाँब टाकण्याआधी केंद्र रिकामं करवलं नाही म्हणून शिक्षा झाली ती सर्बियाच्याच टीव्ही प्रमुखाला.