फुलरीनची पीएचडी म्हणजे टायपिंग?

केळीबाग: जळगाव-धुळ्याची पोरं सी-६०ला, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या फुलरीन रेणूला, अणूंचा एक गट चिकटवतात, कॉम्प्युटरला लावतात, होमो-लुमोचं (इलेक्ट्रॉनांची भरलेली सगळ्यात वरची आणि रिकामी सगळ्यात खालची पातळी) अंतर छापतात. ही पीएचडी नाही, टायपिंग आहे.

तापीकाठ: भाऊ, हे वाचून रात्रभर डोकं तापलंय. मी धुळ्यात हेच काम करते. सी-६०चा लुमो तिहेरी, सहा इलेक्ट्रॉन मावतात. म्हणूनच १९९१ साली त्यात पोटॅशियम घातल्यावर तो १८ केल्विनला अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहणारा) झाला. गट जोडला की सममिती मोडते, त्या तीन पातळ्या फुटतात, लुमो साधारण ०.१ व्होल्टने वर सरकतो. फुलरीन घातलेल्या सौर घटाचं व्होल्टेज त्यामुळेच वाढतं. कोणता गट किती सरकवेल हे आधी कळलं तर महागडं फुलरीन वाया जात नाही. टायपिंग म्हणे!

केळीबाग: ताई, बी-थ्री-लिप या फंक्शनलने (हिशेबाच्या सूत्राने) सी-६०चं अंतर पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतं, पीबीई या दुसऱ्या फंक्शनलने दोनच्याही खाली. प्रयोगातली आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) ७.६, इलेक्ट्रॉन आसक्ती (इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी) २.७, म्हणजे खरं अंतर ४.९. तुम्ही छापता ते कशाचं?

भुसावळकर: फंक्शनलचं नंतर बघू, आधी विजेचं बोला. मे महिना, चार दिवस चाललेलं ऑप्टिमायझेशन (रेणूचा स्थिर आकार शोधायचा हिशेब), दुपारी तीनला लाईट गेली. यूपीएस दहा मिनिटं टिकला. मधला हिशेब जपणारी चेकपॉइंट फाईल अर्धवट. गाईड म्हणाले, परत लाव.

सातपुडा: आमच्याकडे तर बापाने कापूस विकून मशीन घेऊन दिलं. पत्र्याच्या खोलीत ते इतकं तापायचं की मी कॅबिनेट उघडून समोर टेबलफॅन लावायचो. माय दारातून विचारायची, "दिनभर काय मोजस रे तू?"

केळीबाग: लाईट गेली म्हणून चुकीचं अंतर बरोबर होतं का? रडगाणं पुरे.

सातपुडा: रडगाणं? एसीत बसून बोलणं सोपं असतं. बापाच्या कापसाला बोलू नका.

केळीबाग: कापसाला बोललो नाही. तो शब्द मागे घेतो. टायपिंग मात्र नाही.

तापीकाठ: नका घेऊ. पण ४.९चं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य करते. नुसतं ऑर्बिटलचं, म्हणजे होमो-लुमोचं, अंतर छापून थांबणं चूक. धन आयन, ऋण आयन वेगळे मोजून ऊर्जांची वजाबाकी करायला हवी. माझ्या पहिल्या पेपरात मी ते केलं नव्हतं.

भुसावळकर: ताई, ऋण आयनाला चार्ज उणे एक, मल्टिप्लिसिटी (जोडी न लागलेल्या इलेक्ट्रॉनांवरून ठरणारा आकडा) दोन ना? रात्री लाईट टिकते, तेव्हाच लावतो.